चुकीच्या ट्रकवरचा आशीर्वाद

गेली अकरा-बारा वर्षं मी एक किस्सा सांगत आलोय. दारू सोडलेल्यांच्या आमच्या मीटिंगला कुणी नवा माणूस आला, मान खाली, चपला दाराबाहेर काढाव्यात की आत हेही न सुचणारा, की कुणीतरी माझ्याकडं बघून म्हणतं, "पेंटर, तो ट्रकचा होऊ दे."

तर तो ट्रकचा.

२०१२ चा पावसाळा. शिरोलीला हायवेच्या कडेला एका ट्रान्सपोर्टच्या आवारात दोन ट्रक शेजारी शेजारी उभे. दोन्हींच्या मागच्या फाळक्यांना भगवा मारून वाळवलेला. उजवीकडच्या ट्रकवर मला 'बाबांचा आशीर्वाद' लिहायचं होतं. दुपारी दोनलाच माझी एक क्वार्टर झालेली. मी मन लावून, पिवळ्या अक्षरांना तांबडी शॅडो देऊन, दोन्ही बाजूंना एकेक कमळ काढून 'बाबांचा आशीर्वाद' लिहिलं. डावीकडच्या ट्रकवर. संध्याकाळी त्या ट्रकचा मालक आला. कमरेवर हात ठेवून दोन मिनिटं नुसता बघत राहिला. मग म्हणाला, "पेंटर, अक्षर एक नंबर. पण माझं नि माझ्या बापाचं पाच वर्षं बोलणं नाही."

इथं पहिला हशा.

मी म्हटलं, टर्पेंटाइननं पुसतो. तो म्हणाला, "ऱ्हाऊ दे. गाडीवर तरी असू दे." दुसरा हशा. मग उजव्या ट्रकवाल्यानं शिव्या दिल्या, डाव्यानं पैसे दिले, त्या पैशांची मी परत प्यायलो आणि रात्री बारा वाजता, अंगावर पिवळा रंग सांडलेला, एकाच पायात चप्पल, अशा अवतारात घरी पोचलो. बायकोनं दार उघडलं. मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "आला का बाबांचा आशीर्वाद?"

ह्या वाक्याला खोली कोसळते. नवा माणूससुद्धा हसतो. हसला की त्याचे खांदे जरा खाली येतात, मग तो चहा घेतो, आणि चहा घेतलेला माणूस पुढच्या गुरुवारी परत येतो असा माझा अनुभव. त्यामुळं किस्सा कामाचा होता. मला त्याची थोडी घमेंडही होती. ह्या दिवाळीत कळलं की त्याचा शेवट घडलेलाच नाही. तेच सांगायला बसलोय, पण आधी थोडं मागचं सांगावं लागेल.

मी पेंटर. म्हणजे बोर्ड रंगवणारा. आमच्या कोल्हापुरात हा शब्द जरा जपूनच वापरावा लागतो, कारण इथं तो लोकांनी आडनाव म्हणून बहाल केलाय. बाबूराव मेस्त्री नाटकांचे पडदे रंगवायचे, पुढं स्वतः कॅमेरा बनवून त्यांनी सिनेमे काढले, पण गावानं त्यांना शेवटपर्यंत ठेवलं बाबूराव पेंटरच. आबालाल रहिमान रंकाळ्याच्या काठावर बसून जे पाणी आणि जो उजेड रंगवायचे, तो बघितला की आपण हातात ब्रश धरतो ह्याची लाज वाटते. अशा गावात मी 'शुद्ध तुपातील मिठाई' आणि 'येथे पाटा-वरवंट्याला टाकी लावून मिळेल' लिहिणारा पेंटर. पण दहावीबरोबर एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट दोन्ही परीक्षा दिलेल्या, आणि १९८९ ला शिवाजी पेठेतल्या एका उस्तादांच्या हाताखाली लागलो.

पहिलं वर्षभर त्यांनी मला अक्षर लिहूच दिलं नाही. खडू लावलेली दोरी धरायची, ब्रश धुवायचे, आणि शिरोरेघ. नुसती शिरोरेघ. पत्र्यावर चार फुटांची रेघ, डावीकडून उजवीकडं, मध्ये थांबायचं नाही. उस्ताद म्हणायचे, "श्वास धर, रेघ संपली की सोड." देवनागरी बोर्डाचं सगळं सोंग त्या रेघेवर लटकलेलं असतं. अक्षराचं पोट जरा सुटलं तर चालतं, वेलांटी थोडी आखूड चालते. रेघ हलली की बिंदू चौकातून जाणाऱ्या रिक्षावाल्यालाही कळतं की पेंटर कच्चा आहे. किंवा पिलेला आहे.

दारू कशी लागली हे सांगण्यात अर्थ नाही, सगळ्यांची गोष्ट तीच असते. काम संपल्यावर, मग काम मिळाल्यावर, मग काम मिळेना म्हणून. 'फ्लेक्स आला, पेंटर लोकांच्या पोटावर पाय आला, म्हणून मी प्यायला लागलो' ही माझी दुसरी आवडती गोष्ट होती. घरात, नातेवाइकांत, गुत्त्यात ती फार चालायची. फ्लेक्समुळं धंदा बसला हे खरंच आहे. आमच्या ओळखीतले निम्मे हात त्यानं बसवले. पण फ्लेक्स आला तेव्हा मला पिऊन सात वर्षं झाली होती. हे गणित मला कुणी करायला लावलं नाही आणि मी केलं नाही.

सांगण्यासारखी एकच गोष्ट आहे, हाताची. दारू पिणाऱ्या पेंटरची तऱ्हा अशी की सकाळी त्याचा हात थरथरतो, रेघ मारता येत नाही, आणि नव्वद एमएल पोटात गेली की हात शांत. लोखंडासारखा. म्हणजे थरथर दारूनं यायची आणि दारूनंच जायची. नंतर दवाखान्यात समजलं की मेंदू रोजच्या दारूला सरावतो, ती दाबून धरते म्हणून तो उलट्या बाजूनं जोर लावत बसतो, आणि दारू अचानक निघाली की तो लावलेला जोर मोकाट सुटतो. हात थरथरणं हा त्यातला सगळ्यात साधा भाग. पण तेव्हा मला एवढंच कळत होतं की ब्रश धरायचा तर आधी प्यायला लागतंय. मी बायकोला हे शपथेवर सांगायचो, की मी धंद्यासाठी पितोय. आणि ते खोटं नव्हतं, हाच खरा घोळ होता.

आमची मीटिंग ज्यांची, त्या अल्कोहोलिक्स अनॉनिमसची सुरुवातसुद्धा अशाच एका थरथरत्या हातातून झाली हे मला फार उशिरा कळलं. १९३५ साल, अमेरिकेतलं अक्रन नावाचं गाव. न्यूयॉर्कच्या शेअर बाजारातला एक माणूस, दारू सोडून काही महिने झालेला, प्यायची तल्लफ आली म्हणून दुसरा कुणी पिणारा शोधत होता. सोबत प्यायला नव्हे, बोलायला. त्याला भेटला एक सर्जन. सर्जन म्हणाला पंधरा मिनिटांच्या वर बसणार नाही. बसले सहा तास. आणि पाहुण्यानं उपदेश केला नाही, स्वतःचीच गोष्ट सांगितली. पुढं महिन्याभरात सर्जन एकदा घसरला, आणि १० जूनला सकाळी त्याला ऑपरेशन करायचं होतं, हात थरथरत होते. तेव्हा ह्या दोस्तानंच त्याला हात स्थिर राहावा म्हणून एक बिअर दिली. ती त्याची शेवटची. तोच दिवस आम्ही सगळे जगभर सुरुवातीचा दिवस मानतो. हे ऐकलं त्या दिवशी मला सर्जनबद्दल जे वाटलं ते नात्यातल्या कुणाबद्दल वाटलेलं नाही.

माझी शेवटची ११ जुलै २०१३. कशी, कुठं, ते राहू दे. घरच्यांनी व्यसनमुक्तीला नेऊन टाकलं. आधी एकदा सुटली होती, ती गणपतीत परत धरली, त्यामुळं कुणालाच फार आशा नव्हती. पहिले दोन दिवस घाम, उलट्या, ब-१ ची इंजेक्शनं. तिसऱ्या दिवशी समोरच्या भिंतीवर मला बोर्ड दिसायला लागले. मीच रंगवलेले. एकेका बोर्डाची शिरोरेघ सुटून खाली लोंबायला लागली आणि अक्षरं मुंग्यांसारखी तिच्यावरून उतरून माझ्या कॉटकडं यायला लागली. 'मिठाई'मधला ठ सगळ्यात पुढं होता. आज हसू येतं, पण त्या ठ ला घाबरून मी वॉर्डबॉयच्या कमरेला मिठी मारली होती. डॉक्टरांनी घरच्यांना सांगितलेलं, हेच दोन-तीन दिवस धोक्याचे असतात, एकदम बंद केलेल्या पट्टीच्या पिणाऱ्याचा ह्यात जीवही जातो, म्हणून घरी बांधून ठेवून दारू सोडवायचा खुळेपणा करू नका. हे वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या घरी तसला बेत चालला असेल तर तेवढं लक्षात ठेवा.

आठवड्यानं डोकं ताळ्यावर आलं. तिथं एक समुपदेशक मॅडम होत्या, वयानं माझ्यापेक्षा लहान, बोलणं मोजकं. त्यांनी सगळ्यांना दोनशे पानी वही दिली. रोज लिहायचं, दारूमुळं काय काय झालं. मी लिहिलं. तीन दिवसांनी त्यांनी वही बघितली आणि म्हणाल्या, "अक्षर फार सुंदर आहे हो तुमचं. आत काही नाही."

बरोबर होतं. मी शीर्षकाला शॅडो दिली होती.

मग त्यांनी वही काढून घेतली आणि ड्रॉइंगचा कागद दिला. म्हणाल्या, घरातली एक रात्र काढा. कुठलीही. मला वाटलं, हे तर सोपं. मी आमची खोली काढली. पर्स्पेक्टिव्ह एकदम बरोबर, फळीवरचे डबे, टीव्ही, कॅलेंडर, खिडकीचे गज. त्यांनी बघितलं आणि एकच विचारलं, "माणसं कुठं आहेत?"

"माणसं काढायची राहिली," मी म्हटलं.

"मग काढा. त्या रात्री घरात जेवढी होती तेवढी. जी जिथं होती तिथं."

मी पेन्सिल घेऊन बसलो आणि अडकलो. बायको कुठं होती? चुलीकडं? भिंतीला टेकून? पाठ माझ्याकडं होती की तोंड? म्हातारी कुठं? पोरगी?

ही गोष्ट मला आजही नीट सांगता येते असं नाही, पण प्रयत्न करतो. बोलताना माणूस सुटतो. 'घरात भांडण झालं' म्हटलं की झालं, ऐकणारा मान हलवतो, कुणी विचारत नाही की तेव्हा पोरगी कुठल्या कोपऱ्यात होती. चित्रात तसं चालत नाही. चित्रात माणूस कुठंतरी उभं करावंच लागतं. त्याला दोन हात द्यावे लागतात आणि त्या हातांनी काहीतरी करावं लागतं. कानांवर ठेवले असतील तर कानांवर. आपल्या भाषेत गोष्ट 'रंगवून सांगणे' म्हणजे मीठमसाला लावून सांगणे, हे कुणी पेंटर नसलेल्या माणसानं ठरवलं असणार. रंगवायला बसलं की उलट मसाला गळायला लागतो. निदान माझा गळला. त्या एका चित्राला मला सहा दिवस लागले, आणि बायको भिंतीला टेकून नव्हती, ती दारात आडवी उभी होती, पोरीला माझ्याकडं येऊ देत नव्हती, हे मला चौथ्या दिवशी पेन्सिल हातात असताना आठवलं.

पुण्याच्या मुक्तांगणमध्ये, जे अवचट पतिपत्नींनी १९८६ ला सुरू केलं, तिथंही बासरी, लाकडातलं कोरीवकाम, कागदाच्या घड्या असल्या गोष्टींना मोठी जागा होती असं तिथून आलेले मित्र सांगतात. अनिल अवचट स्वतः त्यात बुडालेले असायचे. लोकांना वाटतं हे मन रमवायला. असेलही. मला विचाराल तर मन रमवायला कॅरम पुरतो.

बाहेर आल्यावर संध्याकाळी सात ही वेळ वाईट जायची. सुतार जसा रंध्याचा आवाज ओळखतो तसा माझ्या अंगाला सात वाजलेले कळायचे. मीटिंगमध्ये शिकवतात, तल्लफ आली की आधी चार गोष्टी तपासा: भूक लागलीय का, राग आलाय का, एकटं पडलोय का, दमलोय का. माझं बहुतेकदा भूक निघायचं. भडंग खाल्लं की निम्मी तल्लफ जायची, हे कुणाला सांगितलं तर पटत नाही. उरलेल्या निम्मीसाठी मी एक अक्षर घ्यायचो. एकच. समजा 'क्ष'. ते वळणदार, मग ठोकळ्याचं, मग जुन्या पोथीसारखं बोरूचं, मग ट्रकवरचं, असं काढत बसायचो. वीस मिनिटं, पंचवीस मिनिटं. लाट येते तशी उतरते, ती उतरेपर्यंत हाताला काम पाहिजे. त्या वर्षीची माझी 'क्ष'ची वही अजून आहे. पहिली पानं बघवत नाहीत, भूकंपात लिहिल्यासारखी आहेत.

२०१४ च्या श्रावणात शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत एका ओळखीच्या मूर्तिकारांनी बोलावलं. गणपतीची आखणी. म्हणजे डोळे. मूर्तीचं बाकी रंगकाम कुणीही करतं, डोळे करायला हात लागतो. एका केसाची चूक झाली की देव तिरळा. पहिल्या मूर्तीसमोर मी अर्धा तास ब्रश कोरडाच धरून बसलो. मूर्तिकार काही बोलले नाहीत, चहा ठेवून गेले. मग उस्तादांचं आठवलं, श्वास धरला आणि वरच्या पापणीची रेघ मारली. निघाली. त्या हंगामात मी किती डोळे केले त्याचा हिशेब नाही, पण एकाही सकाळी आधी काही प्यावं लागलं नाही. चहा सोडून. चहा मात्र गल्लीत बादलीनं होतो.

पोथीचं खूळ त्यानंतर तीन-चार वर्षांनी शिरलं. एका मित्राच्या पोरीचं लग्न कुडाळला होतं. गगनबावड्याहून घाट उतरून एसटीनं गेलो, आणि लग्न दुसऱ्या दिवशी म्हणून पिंगुळीला चक्कर मारली. तिथल्या ठाकर लोकांची चित्रकथी. मी नाव ऐकून होतो, बघितली नव्हती. सुट्या कागदांवर रंगवलेली चित्रं, दोन-दोन पाठीला पाठ लावून चिकटवलेली, अशी सगळी मिळून एक पोथी. सांगणारा मांडी घालून बसतो, चित्र मांडीवर उभं धरतो, वीणा, टाळ, हुडुक वाजतंय, आणि रामायण-महाभारतातला एक-एक प्रसंग गात-सांगत पुढचं चित्र वर येतं. माणसं बाजूनं काढलेली, डोळा मात्र मोठा, समोरून बघितल्यासारखा. मी पेंटर म्हणून रंग बघायला गेलो होतो आणि बघत राहिलो तो सांगणाऱ्याचा अंगठा. एक प्रसंग संपल्याशिवाय तो अंगठा चित्रावरून हलत नव्हता. पुढचं चित्र कितीही भारी असो, आधी हे संपवायचं.

परतीच्या एसटीत ठरवलं, आपली पोथी करायची. आमच्याकडं बारा पायऱ्या असतात, त्यातली चौथी म्हणजे स्वतःचा न घाबरता केलेला हिशेब. ती मी लिहून दोनदा केली होती आणि दोन्ही वेळा ती 'शुद्ध तुपातील मिठाई'सारखी दिसत होती. म्हटलं, चित्रात करू. ड्रॉइंग शीट, पोस्टर कलर, पाठीला पाठ लावून खळ. चौदा प्रसंग काढले. बायकोचं मंगळसूत्र गहाण टाकलं तो. उस्तादांच्या मयताला पिऊन गेलो तो. पोरीच्या शाळेच्या गॅदरिंगचा पडदा रंगवायला घेतला आणि अर्धा सोडून पळालो तो. त्यात पडद्यावर अर्धंच झाड आहे. आणि ट्रकचा, दोन चित्रांत: एक आवारातलं, एक दारातलं.

गुरुवारी शाळेच्या ज्या वर्गात आमची मीटिंग भरते तिथं दुसरीतल्या पोरांचे बाक आहेत. आम्ही सगळे गुडघे छातीशी घेऊन बसतो. तिथं मी मांडी घालून टेबलावर बसलो, वीणा-बिणा काही नाही, आणि एकेक चित्र धरून सांगितलं. पहिल्या दिवशी आवाज फाटला. मयताच्या चित्राला तर मी पुढं जाऊच शकलो नाही, अंगठा तिथंच. एक जण उठला, फाउंड्रीत काम करणारा, फार न बोलणारा माणूस, आणि त्यानं नुसतं ते चित्र माझ्या हातातून घेऊन स्वतः धरलं. मी मोकळ्या हातानं राहिलेलं सांगितलं. त्यानंतर आमच्यात तीन-चार जणांनी स्वतःची चित्रं आणायला सुरुवात केली. काड्यांची माणसं. एकानं तर फक्त स्वतःच्या घराचा जिना काढला, सतरा पायऱ्या, दर पायरीवर एक तारीख. कला म्हणून त्यात काही नाही. बघून झोप मात्र येत नाही.

आता ते दारातलं चित्र. त्यात मी लबाडी केली होती, एक मला माहीत असलेली आणि एक माहीत नसलेली. माहीत असलेली अशी की बायकोच्या हातात मी लाटणं दिलं होतं. व्यंगचित्रात असतं तसं. ती कधीच लाटणं घेऊन उभी राहिलेली नाही, पण लोक हसायचे. बाकी मॅडमच्या नियमाप्रमाणं घरातली सगळी माणसं होती: म्हातारी आतल्या खोलीत, भिंतीकडं तोंड करून. आणि बायकोच्या मागं जमिनीवर वाकळ, वाकळंत एक उंचवटा. ती पोरगी. तेव्हा सात वर्षांची.

ह्या पावसात माळ्यावर पाणी गळलं आणि नेमकं तेच चित्र खराब झालं. दिवाळीत नवं करायला घेतलं. पोरगी पुण्याहून आलेली, तिथं नोकरी करते. चिवड्याची वाटी घेऊन माझ्यामागं येऊन उभी राहिली.

"हे काय?"

तिनं पोथी कधी बघितली नव्हती. मीटिंगच्या गोष्टी मी मीटिंगमध्येच ठेवतो. पण चित्र समोर, घरात दिवाळी, मूड चांगला. मी सगळा किस्सा सांगितला. दोन ट्रक, ऱ्हाऊ दे, एका पायात चप्पल, आला का बाबांचा आशीर्वाद. सगळ्या जागा घेत.

ती हसली नाही. चिवड्यातले शेंगदाणे एका बाजूला करत म्हणाली, "पण आईला कसं कळलं, ट्रकवर तुम्ही काय लिहिलाय ते?"

अकरा वर्षं. चाळीस-पन्नास वेळा सांगितला असेल. शंभरेक माणसांनी ऐकला असेल. कुणाला प्रश्न पडला नाही. मला तर नाहीच.

मी स्वयंपाकघराकडं तोंड करून विचारलं, "अगं, तू त्या रात्री असं म्हणाली होतीस ना?"

"कुठल्या रात्री?"

सांगितलं. २०१२, जुलै, पिवळा रंग.

"मी नव्हतेच," ती आतून म्हणाली. "गडहिंग्लजला होते चार दिवस. आईचा मोतीबिंदू काढला तेव्हाचं हे. येऊन ती चादर मीच धुतली, पिवळं काही गेलं नाही." मग थोडं थांबून, "मी असते तर दार उघडलंच नसतं."

दारू पिणाऱ्यांना हे नवं नाही. शुद्ध हरपणं वेगळं आणि हे वेगळं. ह्यात माणूस चालतो, बोलतो, रिक्षावाल्याशी सुट्ट्या पैशांवरून भांडतो, फक्त मेंदू त्याची नोंदच करत नाही. कधी काहीच नाही, कधी मधले तुकडे. बोर्ड पुसला गेला तर खालची पेन्सिल दिसते. इथं लिहिलेलंच नसतं. आणि मी मोकळा पत्रा बघितला की त्यावर काहीतरी लिहिणारा माणूस. लिहिलं. झोकात लिहिलं.

"मग दार कुणी उघडलं?" मी विचारलं. म्हातारी नव्हे, तिला तेव्हा ऐकूही येत नव्हतं.

पोरीनं चित्रातल्या वाकळीवर बोट ठेवलं. "हे मी?"

"हो. झोपलेली."

"मी झोपलो नव्हतो." कोल्हापुरातल्या पोरी जातो-येतोच म्हणतात, पुण्यात जाऊन तिचं सगळं बदललं, घरात हे तेवढं राहिलं. "मला शेजारच्या काकूंकडं झोपायला सांगितलेलं. तुम्ही याल आणि दार बंद असेल म्हणून मी घरी आलो."

"आणि?"

"आणि काय. तुम्ही आला. मी दार उघडलं."

मी दाराकडं बघितलं. दार तेच आहे, फक्त रंग दोनदा बदललाय. खाली कोयंडा आणि वर, चौकटीजवळ, उभी कडी. सात वर्षांच्या पोरीचा हात तिथं पोचत नाही, हे पेंटरला मोजल्याशिवाय कळतं.

"स्टूल घेतलो," ती म्हणाली.

"कुठलं?"

"हेच की."

माझे रंगाचे डबे ज्यावर असतात ते. मी डबे खाली उतरवले, स्टूल दाराशी नेऊन ठेवलं. तिला म्हटलं, तेव्हा तू किती होतीस, दाखव. तिनं आपल्या बरगडीजवळ हात आडवा धरला. तेवढी उंची मी स्टुलाच्या वर धरून बघितली, टाचा उचलल्यात असं धरून, हात ताणलाय असं धरून. चार बोटं कमीच पडत होती.

"नाही पोचत," मी म्हटलं.

ती चित्राकडं परत गेली. ओल्या रंगाला लागणार नाही असं बोट लांब धरून तिनं आईच्या हातातलं लाटणं दाखवलं.

"हे बरोबर काढलाय," म्हणाली. "ह्यानंच वरनं ठोकून खाली पाडलो कडी. फक्त ते माझ्याकडं होतं."